दोषदायित्व कालावधी संपण्यापूर्वीची घरतपासणी

नव्या घराचा ताबा मिळाल्यापासून ज्या मुदतीत बांधकामातले दोष विकसकाने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचे असतात, त्या मुदतीला दोषदायित्व कालावधी म्हणतात. ही मुदत सरण्याआधी घर आणि इमारत जाणकाराकडून तपासून घेणे व सापडलेले दोष विकसकाला लेखी कळवणे, असे या तपासणीचे स्वरूप असते. भारतात स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ म्हणजेच रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ही मुदत पाच वर्षांची आहे. ताबा घेताना होणाऱ्या पाहणीपेक्षा ही तपासणी निराळी. ताब्याच्या दिवशी रंग ताजा असतो, नळांना पाण्याचा पूर्ण दाब मिळालेला नसतो आणि बाहेरच्या भिंतींनी बहुधा एकही पावसाळा सोसलेला नसतो. त्या दिवशी दिसतात ते ओरखडे आणि नीट न लागणारी दारे. खरे दोष पुढे वर येतात.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. १९६३ च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्यात, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘मोफा’त, ताब्यापासून तीन वर्षांच्या आत कळवलेला दोष शक्य असेल तिथे विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी विकसकावर होती. रेराने मुदत वाढवली आणि व्याप्तीही. सांगाड्यातला दोष, कारागिरीतला दोष, साहित्याचा दर्जा, सेवा पुरवण्यातली त्रुटी आणि करारनाम्यातल्या इतर जबाबदाऱ्या, हे सारे या कलमात येते. दोष कळवल्यापासून तीस दिवसांत दुरुस्ती झाली पाहिजे. न झाल्यास खरेदीदार भरपाईला पात्र ठरतो. अधिनियमातली बहुतेक महत्त्वाची कलमे १ मे २०१७ पासून लागू झाली. महाराष्ट्रात महारेरा या प्राधिकरणाकडे त्यांची अंमलबजावणी आहे; गोव्यात हाच अधिनियम गोवा रेरामार्फत चालतो.

कलमाच्या शब्दांत एक गोष्ट बारकाईने वाचण्यासारखी आहे. पाच वर्षांच्या आत दोष विकसकाच्या ‘निदर्शनास आणून देणे’ आवश्यक आहे. दुरुस्ती मुदतीनंतर झाली तरी चालते, पण कळवणे मुदतीतच व्हायला हवे. वॉचमनला सांगितलेले, साइटवरच्या सुपरवायझरला फोनवर बोललेले, सोसायटीच्या गटात टाकलेले छायाचित्र यांपैकी काहीही पुढे सिद्ध करणे अवघड जाते. म्हणून तपासणीचा अहवाल, दोषांची जागावार यादी आणि तारखेची छायाचित्रे जोडून विकसकाच्या नोंदणीकृत पत्त्यावर पोचपावतीसह पत्र आणि सोबत ई-मेल पाठवणे हाच शहाणपणाचा मार्ग. कायद्याने दिलेला हक्क अनेक कुटुंबे गमावतात ती दोष नसल्यामुळे नव्हे, तर तारखेचा कागद नसल्यामुळे.

मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची? सदनिकेपुरता ताब्याच्या पत्रावरचा दिनांक महत्त्वाचा. गच्ची, जिने, पाण्याच्या टाक्या, लिफ्ट, वाहनतळ अशा सामायिक भागांबाबत मात्र घोळ होतो, कारण एकाच इमारतीतल्या रहिवाशांना ताबा वेगवेगळ्या महिन्यांत मिळालेला असतो. सोसायटीने सर्वांत आधी मिळालेल्या ताब्याची तारीख धरून चालावे. त्यात नुकसान काही नाही. घर मधेच विकले गेले तरी हक्क बुडत नाही, कारण अधिनियमातल्या ‘वाटपग्राही’ या व्याख्येत नंतर खरेदी करणाराही येतो. त्याला नवी पाच वर्षे मात्र मिळत नाहीत. मूळ मुदतीतले जे उरले असेल तेवढेच त्याच्या वाट्याला. पुनर्विकासात घर मिळालेल्या जुन्या सभासदांनी सोसायटी आणि विकसक यांच्यातल्या विकास करारनाम्यातली या बाबतची अट वेगळी तपासून घ्यावी.

महाराष्ट्रात पाच वर्षे म्हणजे पाच पावसाळे, असाच हिशेब धरायला हवा. मार्च २०२१ मध्ये ताबा मिळाला असेल तर मुदत मार्च २०२६ मध्ये संपते, आणि शेवटचा उपयोगी पावसाळा २०२५ चा. फेब्रुवारीत तपासनीस बोलावला तर त्याला कोरड्या भिंतीवरचा जुना डाग दिसेल, पण पाणी कुठून आले हे दिसणार नाही. त्यातही पहिल्या वर्षी पुष्कळ घरे कुलूपबंद असतात किंवा फर्निचरचे काम चालू असते. म्हणजे हातात उरतात चारच पावसाळे. मुंबई, ठाणे, कोकण आणि गोवा इथे वाऱ्यासह येणारा पाऊस नैर्ऋत्येकडच्या भिंतींवर आडवा झोडपतो, तेव्हा खिडकीच्या चौकटीभोवतीची फट आणि बाहेरच्या गिलाव्यातली भेग बोलकी होते. जाणकार म्हणूनच दोन फेऱ्या सुचवतात: एक ऐन जुलै-ऑगस्टमध्ये गळतीचा माग काढण्यासाठी, दुसरी पावसाळा ओसरल्यावर तडे, टाइल्स, वीज आणि नळकाम पाहण्यासाठी.

ओल कुठून येते हे ओळखणे हा तपासणीतला सर्वांत कसोटीचा भाग. पावसाबरोबर वाढणारा आणि हिवाळ्यात सुकणारा डाग बाहेरच्या भिंतीकडे किंवा गच्चीकडे बोट दाखवतो. बारा महिने सारखाच ओला राहणारा डाग दाबाखाली असलेल्या नळाच्या जोडाकडे. आणि वरच्या घरात माणसे राहत असतील तेव्हाच वाढणारा, ती गावाला गेली की सुकू लागणारा डाग वरच्या न्हाणीघराकडे.

न्हाणीघराचे उदाहरण जरा तपशिलात पाहण्यासारखे आहे. पुष्कळ इमारतींत न्हाणीघराखालचा स्लॅब मुद्दाम खाली घेतलेला असतो. त्याला साइटवर ‘संकन’ म्हणतात. त्या खोलगट जागेतून सांडपाण्याचे पाइप जातात, जलरोधक थर दिला जातो, वर विटांच्या तुकड्यांचा कोबा किंवा हलका भराव टाकून टाइल्स बसवतात. पाइपाचा जोड किंवा नहाणी ट्रॅपभोवतीचा थर कच्चा राहिला, तर पाणी आधी या भरावात साचते. खालच्या घराच्या छताला ओल फुटायला कधी कित्येक महिने, कधी दोन-तीन वर्षे लागतात. चाचणी सोपी आहे. ट्रॅपचे तोंड घट्ट बंद करायचे, उंबऱ्याखाली राहील इतपत पाणी साठवायचे, भिंतीवर पातळीची पेन्सिलने खूण करायची आणि चोवीस तासांनी दोन्ही बाजू पाहायच्या: वरची पातळी आणि खालच्या घराचे छत. पाण्यात रंग मिसळला की उगमाबद्दल वाद उरत नाही. या चाचणीसाठी खालच्या शेजाऱ्याचे सहकार्य लागते, म्हणून एकट्या घराची तपासणी करण्यापेक्षा सोसायटीने अख्खी इमारत एकाच वेळी तपासून घेणे कितीतरी उपयोगाचे.

गच्चीवर तपासनीस सर्वांत आधी वाटा पाहतो. कठडा आणि गच्चीची जमीन जिथे मिळतात तिथला तो गोलाकार सांधा फुटला, की पाणी सरळ भिंतीत उतरते. पाठोपाठ उतार, पावसाच्या पाइपांची तोंडे, टाक्यांखालचे कट्टे. अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, ‘मायव्हान’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या इमारतींत वेगळा दोष सापडतो. साच्याच्या दोन बाजू बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांची भोके काँक्रीटच्या भिंतीत राहतात. ती नीट भरली नाहीत तर आतल्या रंगावर ठरावीक अंतराने, ओळीत, ओलीचे ठिपके उमटतात. ओल मोजणारे यंत्र आणि तापमानातला फरक दाखवणारा इन्फ्रारेड कॅमेरा इथे मदतीला येतात, पण ते केवळ संशयाची जागा दाखवतात. निदान माणसालाच करावे लागते.

तड्यांबाबत घबराट आणि दुर्लक्ष दोन्ही सारखीच महागात पडतात. गिलाव्यावरच्या केसाएवढ्या, जाळीसारख्या रेषा बहुधा सुकताना झालेल्या आकुंचनाच्या असतात. काँक्रीटचा खांब आणि हलक्या ब्लॉकची भिंत यांच्या सांध्यावर उभी रेघ उठते, ती तिथे जाळी न बसवल्याची खूण. हा कारागिरीचा दोष आहे आणि तो कलमात बसतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका चढणारा, वाढत जाणारा तडा मात्र संरचना अभियंत्याला दाखवलाच पाहिजे. भारतीय मानक आयएस ४५६ : २००० मध्ये काँक्रीटच्या पृष्ठभागावरील तड्याची रुंदी सर्वसाधारणपणे ०.३ मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये, असे म्हटले आहे. सतत ओलसर किंवा अधिक प्रतिकूल परिस्थितीत मर्यादा आणखी कडक. तडा वाढतो आहे का हे पाहण्याची जुनी रीत आजही चालते: त्याच्या टोकाला पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहायची, किंवा तड्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवायची. पट्टी तुटली तर भिंत अजून हलते आहे. अभियंता आवश्यकतेनुसार रिबाउंड हॅमर आणि ध्वनिलहरींच्या वेगाची चाचणी घेऊन काँक्रीटचा अंदाज घेतो.

बाकीची तपासणी पटकन होते, म्हणून ती टाळू नये. टाइलवर नाण्याने टिचकी मारली की पोकळ आवाज लगेच कळतो. प्रत्येक सॉकेटला अर्थिंग आहे का, गळती-विद्युतप्रवाह तोडणाऱ्या स्विचचे चाचणी-बटण दाबल्यावर तो खरेच पडतो का, हे बघायला फार वेळ लागत नाही, आणि यावर जीव अवलंबून असतो. अग्निशमन यंत्रणेचे पंप चालवून पाहावेत. पंप, लिफ्ट, जलरोधक काम यांवर उत्पादकांच्या किंवा कंत्राटदारांच्या स्वतंत्र हमी असतात. ती कागदपत्रे विकसकाकडून सोसायटीने आधीच मागून घ्यायला हवीत.

विकसकाचा पहिला बचाव ठरलेला असतो: ‘तुम्ही आतमध्ये तोडफोड केलीत.’ कित्येकदा त्यात तथ्य असते. नव्या टाइल्स बसवताना मूळ जलरोधक थर फुटतो, वातानुकूलन यंत्राच्या पाइपासाठी बाहेरच्या भिंतीला भोक पडते आणि ते बुजवायचे राहते. म्हणून ताबा घेतल्यावर, सुतार-गवंडी घरात शिरण्यापूर्वी, प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढून ठेवणाऱ्याची बाजू पुढे भक्कम राहते. दुसरा बचाव म्हणजे वरवरची मलमपट्टी. ओल आलेल्या जागी पोपडे खरवडून पुट्टी आणि रंग मारला जातो, आणि पुढच्या पावसात डाग पुन्हा हजर. तपासणी अहवालात केवळ ‘डाग’ न लिहिता संभाव्य कारणही लिहिलेले असले, तर अशी रंगरंगोटी दुरुस्ती म्हणून खपत नाही.

तीस दिवसांत दाद मिळाली नाही तर महारेराकडे पाच हजार रुपये शुल्क भरून तक्रार करता येते. भरपाईचा प्रश्न कलम ७१ खालील निर्णय अधिकाऱ्यापुढे जातो. त्याआधी तडजोडीचा मार्गही आहे. महारेराने २०१८ मध्ये सुरू केलेल्या सलोखा मंचात मुंबई ग्राहक पंचायतीचे प्रतिनिधी आणि विकसकांच्या संघटनांचे प्रतिनिधी एकत्र बसतात. ग्राहक आयोगाचे दारही बंद झालेले नाही. रेराचा उपाय असला म्हणून ग्राहक कायद्याखालचा हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये इम्पेरिया स्ट्रक्चर्स प्रकरणात स्पष्ट केले. दोषदायित्वाची अट करारनाम्यातून गाळणे किंवा सौम्य करणे विकसकाच्या हाती नाही, कारण ती मूळ अधिनियमातच आहे.

इतर देशांत ही तपासणी अधिक रुळलेली आहे. अमेरिकेत बांधकामाच्या कारागिरीची हमी बहुधा एक वर्षाची असते, म्हणून अकराव्या महिन्यात तपासनीस बोलावण्याची पद्धत पडली आहे. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ती परिचित असते. ब्रिटनमध्ये एनएचबीसी या संस्थेच्या हमीत पहिली दोन वर्षे बांधणाऱ्याची जबाबदारी आणि पुढे दहाव्या वर्षापर्यंत मोठ्या दोषांचे विमासंरक्षण अशी विभागणी असते. फ्रान्समध्ये इमारतीच्या भक्कमपणाला बाधा आणणाऱ्या दोषांची जबाबदारी दहा वर्षे टिकते आणि तिचा विमा सक्तीचा आहे.

भारतात गच्चीच्या गळतीला आणि खांबाच्या काँक्रीटला एकच मुदत लावली आहे, ही या तरतुदीची मोठी उणीव. ‘संरचनात्मक दोष’ कशाला म्हणायचे याची व्याख्याही अधिनियमात नाही. १० फेब्रुवारी २०२२ रोजी गुरुग्राममधल्या चिंटेल्स पॅराडिसो संकुलात सहाव्या मजल्यावरचा स्लॅब कोसळून खालचे मजले त्याच्याबरोबर खचत गेले आणि दोन महिलांचा मृत्यू झाला. लोक राहायला येऊन तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती. आयआयटी दिल्लीच्या तपासणीत काँक्रीटमध्ये क्लोराइड आढळले. क्लोराइडमुळे आतली सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि वरचे काँक्रीट फोडते. पण ही क्रिया वर्षानुवर्षे आतल्या आत चालते आणि सळईच्या रेषेत तपकिरी भेग दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. अशा दोषाला पाच वर्षांची मुदत अपुरी आहे. सांगाड्यापुरती ती दहा वर्षांची करावी आणि तिला विम्याचे पाठबळ सक्तीचे असावे. कायदा बदलेपर्यंत सोसायट्यांनी चौथ्या वर्षाच्या सर्वसाधारण सभेतच तपासणीचा ठराव आणि खर्चाची तरतूद मंजूर करून घ्यावी, म्हणजे पाचवा पावसाळा हातचा जाणार नाही.