रामजी सुभेदारांची दुसरी नोकरी

पलटणीतून पेन्शनीत आलेला माणूस दुसऱ्या सरकारी खात्यात लागला, तर आमच्या सातारा जिल्ह्यात कुणाला नवल वाटत नाही. पोलीस, तुरुंग, जंगल, पाटबंधारे, शाळेतले ड्रिल मास्तर, एसटीचे ड्रायव्हर, बँकेच्या दारावरचे बंदूकधारी अशा सगळीकडे आमचे फौजी. या सगळ्या दुसऱ्या नोकऱ्यांत मला मोलाची वाटते ती रामजी मालोजी सकपाळ यांची. महूच्या लष्करी शाळेत ते हेडमास्तर होते. सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर ते कुटुंब घेऊन दापोलीला आले. दापोलीच्या कॅम्पात पेन्शनरांची मोठी वस्ती होती, आणि तिथेच राहायचा त्यांचाही विचार होता. पण पेन्शनीत घर चालेना, मुलं शिकेनात. मग सुभेदार साताऱ्याला आले आणि सार्वजनिक बांधकाम खात्यात स्टोअरकीपर झाले.

ही नोकरी मिळाली म्हणून घर साताऱ्यात टिकलं. १८९६च्या सुमारास सुभेदारांच्या पत्नी भीमाबाई गेल्या, आत्याने मुलं सांभाळली, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या नावाने धाकट्या मुलाचं नाव सातारच्या सरकारी हायस्कुलात दाखल झालं. आज त्या शाळेला प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात आणि त्या तारखेला महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस पाळतात. त्या प्रवेशामागे एका निवृत्त सुभेदाराचा दरमहा पगार उभा होता, हे त्या दिवशीच्या भाषणांत कुणी सांगत नाही. सांगायला हवं.

पुढे सुभेदारांना खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार म्हणून धाडलं. दुष्काळात माणसं मरत होती, त्यांना काम देण्यासाठी सरकार तलाव खोदत होतं, आणि मजुरांचे पैसे वाटायचं काम सुभेदारांकडे होतं. १९०१च्या उन्हाळ्यात मुलं वडिलांना भेटायला निघाली, मसूर स्टेशनावर उतरली. अंगावर चांगले शिवलेले कपडे होते, खिशात भाड्याचे पैसे होते. जात कळल्यावर गाडीवान बैलगाडी हाकायला तयार होईना. दुप्पट भाडं देऊन, गाडी स्वतः हाकत, पाण्याचा थेंबही न मिळता मुलांनी ती रात्र काढली. हजारो मजुरांचा पैसा सरकार ज्याच्या हाती विश्वासाने सोपवत होतं, त्याच्या मुलांना वाटेवर कुणी पाणी दिलं नाही. सरकारी नोकरीने घरात पैसा आणि शिक्षण आणलं, गावाची नजर मात्र बदलली नाही. तरीही ती नोकरी नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं मी ठामपणे म्हणते.

सुभेदार निवृत्त झाले त्याच सुमारास महारांची सैन्यभरती सरकारने बंद केली. तेव्हा पलटणीत शिपायाच्या मुलामुलींना शाळा सक्तीची होती; गावच्या शाळेच्या ओट्यावरही ज्यांना बसू देत नसत, त्यांची मुलं छावणीत वाचायला शिकत. भरतीचं दार लागलं तसं शाळेचं दारही लागलं. हे पहिल्यांदा ओळखलं ते पेन्शनरांनीच. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६मध्ये सैन्यातून निवृत्त झाले होते. भरती पुन्हा सुरू करा, असा अर्ज त्यांनी १८९४मध्ये तयार केला. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१०मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. त्यात सैन्याबरोबर पोलिसातल्या आणि सरकारी खात्यांतल्या खालच्या जागाही मागितल्या होत्या. माजी सैनिकांच्या नोकऱ्यांचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण सरकारी ठरावापासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात या अर्जांपासून करायला हवी.

पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली, तेव्हा १९१७मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं आणि १९२१मध्ये ती मोडलीही. आमच्या गावोगावच्या चावडीवर संगमरवरी पाट्या आहेत: या गावातून इतके गेले, इतके कामी आले. अपशिंगे गावातून गेलेल्यांपैकी ४६ जण परत आले नाहीत, त्यांचा स्तंभ तिथे आहे. त्या गावाला लोक मिलिटरी अपशिंगेच म्हणतात. परत आलेल्यांसाठी १९१९मध्ये इंडियन सोल्जर्स बोर्ड निघालं, त्याचंच पुढे केंद्रीय सैनिक बोर्ड झालं. हातपाय गमावलेल्यांना हातचं काम शिकवण्यासाठी लेडी विलिंग्डन यांनी १९१७मध्ये मुंबईत काढलेली क्वीन मेरी संस्था पुढे खडकीला गेली, ती आजही चालू आहे. पण धडधाकट शिपाई घरी आला तर त्याने नोकरीसाठी कुठे जायचं, याला तेव्हा उत्तर नव्हतं.

ते उत्तर १९४५मध्ये आलं. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य पंचवीस लाखांपर्यंत गेलं होतं. एवढी माणसं एकदम घरी परतणार, त्यातले कित्येक मोटार चालवायला, वायरलेस लावायला, इंजिन उघडायला शिकलेले, आणि गावात मात्र तीच दोन एकर कोरडवाहू. जुलै १९४५मध्ये केंद्राच्या मजूर खात्याने त्यांच्या पुनर्वसनासाठी नवं संचालनालय काढलं आणि त्याच्याखाली देशभर एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज सुरू झाली. १९४८च्या सुरुवातीला त्यांची दारं सगळ्या बेकारांना उघडली. पुढे पदवी झाली की एक्स्चेंजमध्ये नाव नोंदवायचं हा महाराष्ट्रातल्या घराघराचा रिवाज झाला. ती रांग मुळात शिपायासाठी आखलेली होती.

आणि १९४५मध्ये त्या मजूर खात्याचे प्रमुख, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले लेबर मेंबर, होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. साताऱ्यात दुसरी नोकरी शोधत आलेल्या सुभेदाराचा तोच मुलगा. हे मी खात्याच्या एका जुन्या पुस्तिकेत वाचलं आणि पुस्तिका मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले. सगळं श्रेय एकट्या त्यांचं, असं मी म्हणणार नाही. युद्धानंतर सगळ्याच देशांना हा प्रश्न पडला होता आणि योजना अनेकांनी मिळून आखली. पण पेन्शनराच्या घरात पहिल्या तारखेला काय होतं हे जाणणारा माणूस त्या खुर्चीवर होता, एवढं खरं.

मी त्याच खात्यात नोकरी केली, जिल्ह्याच्या गावच्या सेवायोजन कार्यालयात. माझे आबा महार रेजिमेंटचे मशीनगनर. त्या काळी सात वर्षं पलटणीत आणि पुढची आठ राखीव, अशी नोकरी असे. पलटण सोडल्यावर त्यांनी एक्स्चेंजमध्ये नाव घातलं, कॉल आला, आणि कोयना प्रकल्पावर सुरुंगाच्या दारूच्या कोठीवर पहारेकरी म्हणून ते लागले. पत्र्याची खोली मिळाली, जवळ शाळा होती. मी तिथे शिकले. आमच्या घरातली मॅट्रिक झालेली पहिली बाई मी.

आबांचं डिस्चार्ज बुक माझ्याकडे आहे. कडा झिजल्यात, आतली शाई तपकिरी झालीय. उंची, छाती, डाव्या भुवईवरचा व्रण, येणाऱ्या भाषा, पदकं, वर्तणूक, आणि एका रकान्यात बाहेरच्या कोणत्या कामाला माणूस योग्य, त्याची शिफारस. हा रकाना मी नोकरीभर वाचला. उमेदवार पुस्तक काउंटरवर ठेवायचा, मी त्यावरून एक्स-वन कार्ड भरायची आणि त्याला एक्स-टेन हे नोंदणीचं ओळखपत्र हातात द्यायची. एक्स-वन लाकडी खणात उभं राहायचं, धंद्याच्या क्रमांकाप्रमाणे. अवघड होतं ते पलटणीतलं काम बाहेरच्या भाषेत बसवणं. तोफखान्याच्या गनरला कुठल्या खणात ठेवायचं? मी खोदून विचारायची: गाडी चालवायचात? वायरलेस? स्टोअरचा हिशेब? बहुतेकांना आपल्याला काय येतं ते सांगताच यायचं नाही. नुसतं “ड्यूटी केली” म्हणायचे. एकाने असंच सांगितलं आणि तासाभराने कळलं की त्याने लडाखात जनरेटर सांभाळला होता. त्याचं कार्ड मी फाडलं आणि नवीन लिहिलं.

माजी सैनिकांसाठी राखीव जागा आल्या त्या १९६२ आणि १९६५च्या लढायांनंतर. केंद्राने १९६६पासून तिसऱ्या वर्गात १० आणि चौथ्या वर्गात २० टक्के जागा ठेवल्या, १९७९मध्ये त्याचे पक्के नियम केले. सार्वजनिक उपक्रमांत आणि बँकांत हेच आकडे साडेचौदा आणि साडेचोवीस झाले. त्यातले साडेचार टक्के अपंग माजी सैनिकांसाठी आणि लढाईत कामी आलेल्यांच्या कुटुंबीयांसाठी. महाराष्ट्रात १५ टक्के समांतर आरक्षण आहे, म्हणजे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आतच माजी सैनिकाची जागा मोजतात. वयातून सेवेची वर्षं वजा होतात, वर तीन वर्षांची सूट मिळते. मॅट्रिक शिपायाची पंधरा वर्षं सेवा गट क च्या, म्हणजे तिसऱ्या वर्गाच्या, राखीव जागांसाठी पदवीसमान धरतात. कागदावर हे चांगलं आहे. तरी जागा रिकाम्या राहतात. पस्तीस-चाळिशीचा माणूस, घर बांधायला काढलेलं, मुलगी दहावीला, आणि स्पर्धा परीक्षेत त्याच्यासमोर बावीस वर्षांची क्लासवाली पोरं. जाहिरात निघाल्याचं त्याला कळतं तेव्हा मुदत संपलेली असते.

पण मला खरा राग आहे तो बायकांच्या वाट्याला जे आलं त्याचा. युद्धात कामी आलेल्याच्या घरातल्या दोघांपर्यंत माणसांना एक्स्चेंजमधून अग्रक्रम मिळतो, आणि तो मिळालाच पाहिजे. मात्र पेन्शनीत आल्यावर आजाराने, अपघाताने गेलेल्याची बायको कुठेच बसत नाही. एक बाई आल्या होत्या, नवऱ्याच्या नावाचा कॉल घेऊन. नवरा जाऊन महिना झाला होता. चालू नोंदींच्या लाइव्ह रजिस्टरवर तो अजून जिवंत होता. “बाई, त्येंचं नाव काढून माझं घाला की. नंबर तर आलाय,” म्हणाल्या. नंबर देता येत नाही, नाव नव्याने नोंदवावं लागेल, ज्येष्ठता आजपासून धरली जाईल, हे मीच त्यांना सांगितलं. नियम तसाच होता. त्यांनी नाव नोंदवलं. मी असेपर्यंत त्यांच्या कार्डाला कॉल आला नाही. पलटणीत नवरा असताना एकटीने शेत, सासू, मुलं सांभाळणाऱ्या बाईची ती वर्षं कुठल्याही खणात मोजली जात नव्हती.

१९९६मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की फक्त एक्स्चेंजने पाठवलेल्या नावांतून भरती करायची नाही, जाहिरातही द्यायची. कुणालाच वगळलं जाऊ नये म्हणून ते बरोबरच होतं. पण त्यानंतर आमचे खण ओस पडत गेले. आता त्या कार्यालयांचं नाव कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असं लांबलचक झालंय आणि नोंदणी संगणकावर होते.

२०२२मध्ये सैन्यभरतीची अग्निपथ योजना आली. चार वर्षांनी चार अग्निवीरांतला एक आत राहणार, तिघे घरी येणार, आणि त्या तिघांना माजी सैनिकाचा दर्जा नाही. केंद्रीय सुरक्षा दलांत त्यांना २०२२मध्येच १० टक्के जागा जाहीर झाल्या, ते चांगलंच झालं. बाकीच्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात आतापासून वेगळी नोंद उघडावी, असं मी पालकमंत्र्यांना आणि सैनिक कल्याण कार्यालयाला लिहिलंय. त्यात कोणी काय शिकलं हे पलटणीतल्या माणसाने बसून लिहून घ्यावं, आणि त्याच अर्जावर बायकोच्या नावाचा रकाना असावा, म्हणजे पुढे वाईट घडलं तर नंबर तिच्याकडे जाईल. खटाव-माण भागातली पोरं पहिल्या तुकडीत गेली आहेत. त्यांच्या आया मला बाजारात भेटतात आणि विचारतात, परत आल्यावर नाव कुठं घालायचं. अर्जाची एक प्रत मी पिशवीतच ठेवते. ती त्यांना वाचून दाखवते आणि खाली सह्या घेते.