दिवेघाटाचा कातळ अन् वारीचं पाणी

माउलींची पालखी पुणं सोडून सासवडकडे निघाली की दिवेघाट लागतो. चढताना नजर पताकांवर असते. पण जरा बाजूच्या डोंगराकडेही बघावं. पायऱ्या रचाव्यात तसे कातळाचे थर दिसतात. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भुईच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला आणि थिजला, त्याचाच हा काळा पाषाण. पुढे रानात पायाला चिकटणारी काळी माती, तीही याचीच झीज, बरं का!

यातला घट्ट थर पाणी मुरू देत नाही. भेगाळलेला खडक आणि मुरूम मात्र पाणी धरतो. म्हणून विहिरीला पाणी सगळीकडे लागत नाही. जिथं पाणी, तिथंच वस्ती अन् मुक्काम : सासवडला कऱ्हा, पुढं नीरा. 1972 च्या दुष्काळानंतर बोअर वाढले, उपसा खोल गेला, उथळ विहिरी आटू लागल्या. आज दिंडीची तहान टँकरवर भागते.

शंभर वर्षं दिंडीनं परंपरा राखली. आता मुक्कामाच्या गावची एकेक जुनी विहीर गाळ काढून राखू या. तीही सेवाच. रामकृष्णहरी!