खवल्याला नख लावून बघा

चपला काढून हातात घ्या. वर वाळू भाजतेय, पण पाण्याच्या कडेला ओल आहे, तिथून चाला. गोंदियाहून निघताना नाकात भातगिरणीच्या कोंड्याची धूळ होती ना? ती आता गेली. इथं खारा वारा आहे, दोऱ्यांवर वाळत घातलेल्या मासळीचा उग्र वास आहे आणि टोपल्यांभोवती बायकांचा असा गलका आहे की शेजारच्याशी बोलायलाही ओरडावं लागतं.

हे अलिबागच्या उत्तरेचं नवगाव. शुक्रवारची दुपार. मुंबईत यहुद्यांचं पहिलं प्रार्थनामंदिर १७९६ साली उभं राहील, त्याला अजून काही वर्षं आहेत. राज्य कुणाचं चाललंय ते इथं कुणाला विचारू नका. टोपली उतरलीय, सगळ्यांचं लक्ष तिच्यात आहे.

"घे ना बाय, ताजी हाय!" कोळीण ओरडते. जिला ओरडते ती नऊवारीतली, नाकात नथ घातलेली बाई शेजारणींसारखीच दिसते, पण ती यहुदी घरातली आहे. ती खाली वाकते, एक मासा उचलते आणि शेपटीकडून डोक्याकडं उलटं नख फिरवते. चर्र आवाज होतो, खवला उडून तुमच्या पायावर चिकटतो. हा चालेल. रावस, बोय, पापलेट एका बाजूला. तुम्हाला नवेगाव बांधचा मागूर आठवतो, म्हणून तुम्ही मिशावाल्या शिंगाळ्याला हात घालता. ती तुमचं मनगट धरते. गुळगुळीत कातडी, खवला नाही. नको. वाम नको, मोरी नको, पाकट नको. कोळंबी आणि चिंबोऱ्यांकडं तर ती बघतही नाही. तुमच्या तोंडाला पाणी सुटलं असेल, पण आज तुम्ही तिचे पाहुणे आहात.

पर आणि खवले, दोन्ही हवेत. हे तिनं कुठं वाचलेलं नाही. गावात सांगतात की फार पूर्वी याच किनाऱ्यापाशी जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना नवगावातच पुरलं. पोथ्या समुद्रात गेल्या. वाचलेल्यांची लेकरं तेल गाळू लागली, मराठी बोलू लागली, गावांवरून आवासकर, किहीमकर, पेणकर, दिवेकर झाली. जन्म असो, लग्न असो, मरण असो, ओठावर उरलेली प्रार्थना एकच, शेमा. मग कधीतरी दाविद रहाबी नावाचा परका यहुदी आला. ही माणसं खरंच इस्रायलची का, हे बघायला त्यानं, अशी आठवण आहे, घरच्या बायकांपुढं सगळ्या जातीची मासळी ठेवली आणि शिजवायला सांगितली. त्यांनी हिच्यासारखंच केलं. बिनखवल्याची मासळी बाजूला सारली. पुरुषांना त्यानं नंतर शिकवलं. झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर घराण्यांतून तीन माणसं निवडून त्यांना काजी, म्हणजे समाजाचे धर्मप्रमुख, केलं. पण परीक्षा बायकांची झाली होती आणि त्या उत्तीर्ण झाल्या होत्या. मला या गोष्टीत हेच सगळ्यात मोठं वाटतं.

टोपली डोक्यावर घ्या, मदत करा जरा. अंगणात पोचलात की आधी कानावर येते लाकडी घाण्याची करकर. लाट फिरतेय, डोळे बांधलेला बैल गोल चालतोय, तिळाच्या पेंडीचा उबदार, जडसर वास घशात बसतोय. या माणसांना गाव शनिवार तेली म्हणतं, कारण शनिवारी यांचा घाणा बंद. सोमवारी बंद ठेवणारे ते सोमवार तेली. बियांच्या पोत्याशी एक मेलेला उंदीर पडलाय. बघितलात? आता माझा हात घट्ट धरा, आपल्याला आणखी मागं जायचंय, हे नियम निघाले तिथं.

धूर! डोळे चोळू नका, शेणाच्या गोवऱ्यांचा आहे, तुमच्या ओळखीचा. यहूदाच्या डोंगरातलं दगडमातीचं घर, अडीच-तीन हजार वर्षं मागं. खालच्या भागात शेळ्या-मेंढ्या, त्यांच्या मुताचा तिखट वास, मातीच्या भट्टीत जवाची भाकरी. इथंही एक उंदीर आहे, मातीच्या रांजणात पडून मेलेला. घरची बाई रांजण अंगणात आणते आणि दगडावर आपटते. फुटतो. मातीचं भांडं सगळं शोषून घेतं, ते धुऊन भागत नाही. लाकडाचं भांडं, कापड, कातडं, गोणपाट असेल तर पाण्यात बुडवून ठेवायचं, सूर्य मावळला की शुद्ध. पेरणीच्या कोरड्या बियाण्यावर उंदीर पडला तर काही बिघडलं नाही. तेच बी भिजलेलं असेल तर गेलं. आणि झरा किंवा पाण्याची टाकी? ती बाटत नाही. पुन्हा ऐका, पाणी साठवलेली जागा बाटत नाही. ज्या नवगावातून आपण आलो त्याच कुलाबा जिल्ह्यात, महाडला, १९२७ साली चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला माणसांना सत्याग्रह करावा लागेल, म्हणून मी हे दोनदा सांगतोय.

तुम्हाला आजीचं सोवळं आठवत असेल. थोडं सारखं आहे, पण सगळं नाही. इथला विटाळ जन्मानं लागत नाही. तो प्रत्येकाला लागतो आणि जातो. मुलगा झाला तर आईचे ४० दिवस, मुलगी झाली तर ८०. बापाला मूठमाती दिली तर ७ दिवस. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी राख कालवलेलं पाणी अंगावर शिंपडतात. यात पाप नाही. बापाला पुरणं कर्तव्यच होतं. जन्म, रक्त, मरण यांना शिवून आलेलं शरीर देवासमोर जाण्याआधी थांबतं, एवढंच. ताटातही तसंच. रवंथ करणारं आणि दुभंगलेल्या खुराचं जनावर चालेल. डुकराचा खूर दुभंगलेला, पण रवंथ नाही. उंट आणि ससा, यांचा धर्मग्रंथ म्हणतो, रवंथ करतात, पण खूर तसा नाही. रक्त जमिनीवर ओतून द्यायचं. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवायचं नाही.

परत या. नवगावच्या चुलीवर रटरटतंय ते मटण. काजीनं बोकड कापला, मांडीची शीर काढून टाकली, मांस मीठ लावून ठेवलं, रक्त उतरलं, मग धुतलं. रस्सा पांढरट दिसतोय म्हणून दचकू नका, ते नारळाचं दूध आहे. गाईम्हशीचं दूध या भांड्याच्या आसपासही येणार नाही. कोकणात माड नसते तर हा नियम जिभेला फार महाग पडला असता, असं मला खात्रीनं वाटतं. गोमांस मात्र यांच्याकडं येत नाही. ग्रंथाची मनाई नाही, शेजाऱ्यांचा मान आहे.

दारात एक बाई उभी आहे. रंगानं घरच्यांसारखीच, शेमा तिलाही येतो, मासा तीही नखानं तपासते. तरी तिला स्वयंपाकाच्या भांड्यांना हात लावू देत नाहीत. तिच्या कुळात कुणी आई बाहेरची होती, म्हणून ती काळी इस्रायल आणि हे गोरे. यांच्यात रोटीही नाही, बेटीही नाही. डोंगरावरच्या त्या घरात आपण जे पाहिलं त्यात असा विटाळ नव्हता. तिथला संध्याकाळी उतरायचा. हिचा सूर्य मावळून उतरत नाही. ही शिकवण समुद्रातून आलेली नव्हे, आपण इथल्यांनी दिलेली आहे. तिच्याकडं बघा, मान वळवू नका.

ऊन कलतंय, घाई करा. विहिरीवर रांग लागलीय, गार पाणी डोक्यावरून घ्या, तिळाचं तेल केसांतून लवकर जात नाही. सूर्य बुडेल तेव्हा यांचा नवा दिवस सुरू होईल आणि चूल पुन्हा पेटायची नाही. बैलाला सोडलंय. उद्या दिवसभर कालचा भात, कालची मासळी, गिऱ्हाईक दारात आलं तरी तेल मोजायचं नाही. गावात सण-बाजार असला तरी नाही. तुम्हाला कंटाळा येईल, मग झोप येईल, मग दुपारी कळेल की इतकं काही न करणं अंगाला किती मानवतं.

शनिवारी काळोख पडला की घरधनी तुमच्याकडं बघून हसेल. रविवारी पहाटे तेलाचे बुधले घेऊन आवासला फेरी आहे. एक बुधला त्याच्या खांद्यावर, दुसरा रिकाम्या खांद्याची वाट बघतोय. रस्त्यात तहान लागली तर पहिल्या विहिरीवर थांबा.