सापाचे हृदय, थिबेशियसच्या शिरा आणि परळचे केईएम

१/ फेब्रुवारी १९६८मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण झाले आणि डॉ. प्रफुल्लकुमार सेन हे नाव इतिहासात नोंदले गेले. त्यांचा १९६५चा एक प्रयोग मात्र विस्मृतीत गेला. हा धागा त्या प्रयोगाविषयी.

२/ हृदयाच्या स्नायूंतील बहुतांश अशुद्ध रक्त ‘करोनरी सायनस’ या रुंद शिरेतून उजव्या वरच्या कप्प्यात परतते. काही रक्त मात्र सूक्ष्म शिरांवाटे थेट कप्प्यांत उतरते. फ्रान्सच्या व्ह्यूसाँसने १७०६मध्ये आणि थिबेशियसने १७०८मध्ये लायडन येथील प्रबंधात या वाटांचे वर्णन केले. पुढे या शिरांना थिबेशियसचेच नाव मिळाले.

३/ या शिरांची संख्या, आकार आणि जागा माणसागणिक बदलते. उजव्या कप्प्यांत त्या अधिक आढळतात, डाव्या खालच्या कप्प्यात कमी. १९३३मध्ये अमेरिकेतील वर्न आणि सहकाऱ्यांनी धमन्या व कप्पे यांना जोडणाऱ्या सूक्ष्म पोकळ्याही दाखवल्या. साहजिकच प्रश्न उभा राहिला: धमनी तुंबली, तर कप्प्यातील रक्त उलट दिशेने स्नायूंना पुरवता येईल काय?

४/ सेन यांना आधार सापडला तो सापाच्या हृदयात. त्याची भिंत स्पंजासारखी असते. कप्प्यातील रक्तच तिच्यात झिरपते. सेन, उदवाडिया, परुळकर आदींनी कुत्र्यांच्या हृदयाची धमनी बांधली आणि डाव्या कप्प्याच्या भिंतीत सुईने आरपार छिद्रे पाडली. निष्कर्ष आशादायक होते. १९६५मध्ये अमेरिकन नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले.

५/ आक्षेपही तितकेच सबळ होते. सापाच्या हृदयाचा नियम माणसाच्या घट्ट स्नायूला लागू पडेलच असे नाही. आकुंचनाच्या वेळी स्नायूतील दाब कप्प्यातील दाबाइतका वाढतो; मग रक्त आत शिरणार कसे? शिवाय सुईची छिद्रे कालांतराने व्रण भरून बुजत.

६/ १९८०च्या दशकात मिरहोसैनी यांनी सुईऐवजी लेझर वापरला. १९९८मध्ये अमेरिकेने या उपचाराला मान्यता दिली. पुढे लेझरची छिद्रेही बुजतात असे दिसून आले. रुग्णांच्या छातीतील वेदना कमी होण्याचे कारण नव्या केशवाहिन्या, मज्जातंतूंना झालेली इजा की रुग्णाची श्रद्धा, यावर वाद झाला.

७/ म्हणजे सेन यांचे गृहीतक टिकले नाही, पण त्यातून निघालेली वाट परळहून अमेरिकेच्या शस्त्रक्रियागृहांपर्यंत पोहोचली. ‘पहिले कोण’ एवढेच मोजणाऱ्या इतिहासात अशा प्रयोगांना जागा उरत नाही. विज्ञानाच्या इतिहासकाराने मात्र चुकलेल्या उत्तरांचीही वंशावळ मांडायला हवी.