सुताराची विद्या आणि आमचे हात

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्हीं घरच्या घरीं एक चौरंग करावयास घेतला. इतिहास शिकवितां शिकवितां केस पिकले. आतां पन्नाशी उलटल्यावर लांकूड कापावयास शिकण्याची बुद्धि कां झाली, हें आम्हांसही नीट सांगतां येणार नाहीं. करवत, रंधा, पटाशी, हातोडा व गुण्या इतकीं हत्यारें आणलीं, पडवींत बैठक मांडली, आणि पहिल्याच दिवशीं असें दिसून आलें कीं, आंखलेली रेघ एकीकडे राहिली आणि करवत दुसरीकडे निघून गेली. आठव्या दिवशीं चौरंग उभा राहिला खरा. परंतु त्याचे चारही पाय एकाच वेळीं जमिनीस म्हणून टेकत नसत.

त्याच सुमारास दाराची चौकट दुरुस्त करावयास एक वृद्ध मिस्त्री आमच्या घरीं आले. आमचा उद्योग कांहीं वेळ पाहून ते म्हणाले, “सर, तुम्ही करवत दाबायलाव. तिला तिच्या वजनानं जाऊ द्या की.” मग त्यांनीं चौरंग सपाट फरशीवर ठेवला, आंखूड पायाखालीं एक पाचर सारून तो स्थिर केला, चारही पायांवर फरशीपासून सारख्याच उंचीवर रेघ मारली आणि करवत आमच्या हातीं दिली. एक पाय कापून पाहावा, मग दुसरा कापून पाहावा, असें करतां करतां चौरंगाचा पाट झाला असता, तो त्या एका रेघेनें वांचला.

ही विद्या पुस्तकांत लिहिलेली असेल. पण आमच्या घरांत ती कधीं आली नव्हती. ज्या प्रांतांत ती निदान दोन हजार वर्षें नांदत आहे, तेथील लिहित्या-वाचत्या घरांना ती अशी परकी कां राहिली, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मनांत घोळत आहे.

आमच्या धाराशिव जिल्ह्यांतील तेर हें गांव घ्या. पहिल्या शतकांतल्या ‘पेरिप्लस’ नांवाच्या ग्रीक ग्रंथांत वर्णिलेलें तगर तें हेंच, असें फ्लीट यांनीं १९०१ सालीं दाखविलें. तगराचें कापड गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखांतून, भडोच बंदरास जात असे असें तो ग्रंथकार सांगतो. हें वाचतांना आपलें लक्ष मलमलीकडे जातें, गाडीकडे जात नाहीं. पण खांचखळग्यांतून इतक्या दूर टिकणारें चाक ज्यानें घडविलें, त्याच्यावांचून ती मलमल समुद्राचें दर्शन घेती ना.

त्याच गांवीं त्रिविक्रमाचें विटांचें जुनें मंदिर आहे. त्याचा मागचा भाग अर्धगोल असून छप्पर कमानीसारखें वळलेलें आहे. म्हणजे घडण बौद्ध चैत्यगृहाची. आणि चैत्यगृहाची घडण मुळांत सुताराची. कार्ल्याच्या लेण्यांत दगडी छताखालीं सागवानी फासळ्या अद्याप शाबूत आहेत. छत अखंड खडकाचें असल्यामुळें त्या कांहींएक भार वाहत नाहींत; परंतु पाथरवटाला लांकडाच्या घराची इतकी संवय होती कीं, त्यावांचून त्याला तें घर घर वाटेना. तेथील एका शिलालेखांत धेनुकाकट गांवच्या सामि नांवाच्या वढकीनें, म्हणजे सुतारानें, लेण्याचें द्वार केल्याचा उल्लेख आहे. बापाचें नांवही आहे. पुढील अनेक शतकांत किती सुतारांचीं नांवें अशीं सांपडतात? तेरच्याच उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लांकडी द्वारचौकट आज तेथील संग्रहालयांत जपून ठेवली आहे. हजाराहून अधिक वर्षें वाळवी, पाऊस आणि माणूस या तिघांनाही ती पुरून उरली. करणाऱ्याचें नांव मात्र उरलें नाहीं.

पुढें ही विद्या बलुत्याच्या चौकटींत बसली. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गांवगाडा’ या १९१५ च्या ग्रंथांत त्या व्यवस्थेचें चित्र आहे. सुतारानें नांगर, कुळव, तिफण, गाडी नीट राखावी आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वांटा घ्यावा. तिफणीचीच गोष्ट पाहा. तिचे तीन फण सारख्या अंतरावर व सारख्या खोलीवर बसले नाहींत, तर पेरा वांकडा पडतो आणि पुढें कुळपणी करतांना पीकच उपटतें. सबंध गांवाचें वर्ष त्या मापावर अवलंबून. हें माप सुताराचें पोर बापाला हत्यार देतां देतां, वाकसाखालून उडणारे ढलपे गोळा करतां करतां, शिकत असे. त्याचें घर हीच शाळा. पण ही शाळा त्या एका घराबाहेर कधीं गेली नाहीं, आणि इतरांच्या अक्षरांची शाळा त्या घरापर्यंत आली नाहीं. दरवर्षीं दसऱ्यासाठीं तुळजाभवानीचा पलंग घोडेगांवाहून आणि पालखी बुऱ्हाणनगरहून तुळजापुरास येते. देवीची निद्रा त्या नव्या पलंगावर. लांकडाला आपण एवढा मान दिला. लांकडाच्या ज्ञानाला मात्र ओसरीच्या वर येऊं दिलें नाहीं.

या दुराव्याची किंमत काय, हें आमच्या जिल्ह्यानें १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे पाहिलें. अनंतचतुर्दशीची रात्र सरत होती. विसर्जन आटोपून लोक नुकतेच निजले होते. किल्लारी, सास्तूर आणि भोंवतालचीं गांवें कांहीं क्षणांत ढिगारा झालीं. सुमारें आठ हजार माणसें दगावलीं. घरें बहुतेक माळवदाचीं : मातींत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या दोन-अडीच फूट आणि त्याहूनही रुंद भिंती, आणि वर मातीचें जड छत. पुढें अभियंत्यांनीं पाहणी केली तेव्हां एक गोष्ट त्यांच्या ध्यानांत आली. जेथें जुन्या पद्धतीनें खण पाडून, दगडी उथळ्यांवर खांब उभे करून, खांबांवर तुळया व कडीपाट नीट सांधून माळवद तोललें होतें, तेथें भिंती ढांसळल्या तरी लांकडी सांगाडा कित्येक ठिकाणीं छत धरून उभा राहिला. जेथें छताचा भार सरळ भिंतींवरच होता, तेथें भिंतीबरोबर छतही निजलेल्यांच्या अंगावर आलें.

म्हणजे त्या पहाटे माणूस वांचला कीं नाहीं, हें कित्येक घरांत सुताराच्या सांध्यावर ठरलें. खांब कोठें कुजला आहे, तुळईचें टोंक भिंतींत कोठें किडलें आहे, हें ओळखणारें मनुष्य त्या घरांतून किती होतें? सुताराला बोलावणें जाई तें कांहीं मोडल्यावर. घर ज्यावर उभें आहे तें वाचतां न येणें ही देखील निरक्षरताच आहे, आणि ती आम्हां पदवीधरांत अधिक.

हाताला शिक्षणांत जागा द्यावी, हा विचार नवा नाहीं. फिनलंडांत युनो सिग्नेउस यांच्या प्रयत्नानें १८६६ च्या शाळाकायद्यांत हस्तकामास स्थान मिळालें. स्वीडनमध्यें ऑटो सालोमन यांनीं नेस येथें शिक्षकांना तें शिकविलें. मुलाला सुतार करणें हा त्यांचा हेतु नव्हता. आरंभीं नुसती सुरी आणि एक लहान काडी, मग क्रमाक्रमानें अवघड वस्तु. डोळा, हात आणि धीर यांचा मेळ बसावा एवढेंच. आपल्याकडे १९३७ च्या आक्टोबरांत वर्धा येथें महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली आणि मूलोद्योगाभोंवतीं सर्व शिक्षण गुंफण्याची योजना पुढें आली. सुतारकाम त्या उद्योगांपैकीं एक होतें. पुढें तो तास बहुतेक ठिकाणीं वेळापत्रकांत नांवापुरता उरला. कारण पालकांना मुलाच्या हातीं लेखणीच पाहिजे होती. त्या पालकांत आम्हीही होतों.

कोणी म्हणेल, मध्यमवर्गीयांच्या सुटीतल्या हौसेनें कोणा सुताराची चूल पेटणार नाहीं. हें खरें आहे. पण ज्यानें एकदां स्वतः एका लांकडांत चौकोनी भोंक पाडून दुसऱ्याचें टोंक त्यांत घट्ट बसविण्याचा यत्न केला आहे, तो सुताराच्या मजुरींत घासाघीस करतांना अडखळेल. जुना वाडा पाडून त्याचे खांब वजनावर विकतांना तो एकदां तरी सांधा पाहील.

म्हणून ज्यांच्या घरीं वाढतीं मुलें आहेत त्यांस आमचें सांगणें एवढेंच कीं, हत्यारें थोडीं आणावीं, पण त्यांस धार लावावयास आधीं शिकावें. ओलें लांकूड घेऊं नये. तें वाळतांना पिळवटतें आणि सांधे उघडतात. चौरंगापासून आरंभ करूं नये. ती चूक आम्हीं केली. आरंभ पाटापासून करावा. आणि पहिला धडा जवळच्या मिस्त्रींपाशीं बसून, त्यांना गुरु मानून, मुलाबरोबर आपणही घ्यावा.

आमचा चौरंग गेल्या भाद्रपदांत गणपतीखालीं ठेवला होता. एका कोपऱ्यांत फट आहे, ती मुलांनीं झेंडूच्या माळेनें झांकली. यंदां दुसरा करावयास घेतला आहे. नातवानें एका पायावर रेघ मारली आहे, आणि करवत त्याच्याच हातीं आहे.