मूत्रनिग्रहाचें भाकीत

पौरुषग्रंथि, म्हणजे प्रोस्टेट, ही पुरुषाच्या मूत्राशयाच्या मुखाशीं मूत्रमार्गाला वेढून बसलेली लहानशी ग्रंथि होय. तिला कर्करोग झाला असतां ती समूळ काढण्याची शस्त्रक्रिया १९०४ सालीं बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत ह्यू हॅम्प्टन यंग यांनीं केली. रोगी वांचला, हेंच त्या काळीं मोठें यश होतें. परंतु वांचलेल्या माणसास लघवी आवरेना, तर तो चारचौघांत बसणें सोडतो, प्रवास टाळतो आणि लाजेनें हें दुःख घरांतहि सांगत नाहीं.

याचें कारण शरीररचनेंतच आहे. मूत्र रोखणारे स्नायु ग्रंथीच्या वर व खालीं असे दोन ठिकाणीं असतात. ग्रंथि काढतांना वरचा बंध दुबळा होतो आणि सारा भार खालच्या स्नायूवर पडतो.

१९८१ सालीं हॉलंडमधील लायडन येथें डोंकर यांच्या साह्यानें पॅट्रिक वॉल्श यांनीं ग्रंथीलगतच्या मज्जातंतूंचा मार्ग शोधला. १९८२ पासून ते तंतू राखून शस्त्रक्रिया होऊं लागली. २००० सालीं फ्रँकफुर्ट येथें तीच शस्त्रक्रिया रोबॉटच्या यांत्रिक हातांनीं झाली व पुढें डेट्रॉइटमध्यें मणि मेनन यांनीं ती पद्धति नांवारूपास आणली. रक्तस्राव घटला, बारीक भाग मोठे दिसूं लागले. तरी रुग्णाचा प्रश्न तोच राहिला: लघवी पुन्हां केव्हां आवरेल?

त्याचें उत्तर कांहीं अंशीं आधींच मिळूं शकतें. ग्रंथीखालील मूत्रमार्गाचा तुकडा सामान्यतः दीड सेंटिमीटरच्या आसपास असतो. तो जितका लांब, तितका निग्रह लवकर परतण्याचा संभव अधिक, असें २००२ सालीं कोकली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एम. आर. आय. चित्रांवरून दाखविलें. वय, स्थूलता, पूर्वीची लघवीची स्थिति, राखलेले मज्जातंतू आणि शस्त्रवैद्याचा सराव यांचाहि हिशेब धरावा लागतो. बहुतेकांस वर्षभरांत आराम पडतो. १९४८ सालीं आर्नोल्ड केगेल यांनीं स्त्रियांसाठीं सांगितलेला कटितळाच्या स्नायूंचा व्यायाम आतां पुरुषांसहि शिकवितात.

भाकीत संभव सांगतें, हमी देत नाहीं. तथापि आपणांस किती महिने धीर धरावा लागेल, हें ज्यास आधीं कळलें, तो पहिल्या ओल्या रात्रीं खचून जात नाहीं. आणि त्याच्या घरच्यांसहि त्याला सांभाळून घेणें सोपें जातें.