जिप्सम बोर्डच्या सांध्यावरच तडा का जातो? टेप आणि कंपाउंडचं काम समजून घ्या सोप्या शब्दांत

घरात नवं फॉल्स सिलिंग झालं, रंगही झाला. काही महिन्यांनी वर पाहिलं, तर छतावर पट्टीने आखल्यासारखी एक सरळ रेघ. आधी रंगावर शंका येते, मग बोर्डवर. पण बहुतेक वेळा बोर्ड धडधाकट असतो. चूक असते ती दोन बोर्डांच्या सांध्यात, आणि रंग लागल्यावर ती दिसत नाही. म्हणून हे काम रंगाच्या आधीच तपासायला हवं.

सांधा कच्चा का असतो?

जिप्सम बोर्ड म्हणजे कागदाच्या दोन थरांमध्ये दाबलेलं जिप्सम. अमेरिकेत ऑगस्टिन सॅकेट यांनी १८९४ मध्ये अशा बोर्डाच्या सुरुवातीच्या रूपाचं पेटंट घेतलं. आपल्याकडे १२.५ मिमी जाडीचा, ६ बाय ४ फुटांचा बोर्ड सर्रास मिळतो. बोर्डाला ताकद देतो तो बाहेरचा कागद. सांध्यावर मात्र हा कागद तुटलेला असतो.

तापमान आणि दमटपणा बदलला की सांगाडा आणि बोर्ड किंचित हलतात. सांध्यात नुसतं पीओपी किंवा पुट्टी भरली असेल, तर ती ताण सहन करत नाही आणि तडकते. टेपचं काम एवढंच: तुटलेला कागद पुन्हा जोडणं.

कागदी टेप की जाळीची?

कागदी टेप ताणाला जास्त टिकते. तिला मधोमध घडी असते, त्यामुळे कोपऱ्यातही नीट बसते. फायबरची जाळीवाली टेप स्वतःच चिकटते, लावायला सोपी आणि फुगे येत नाहीत. पण ती किंचित ताणली जाते. त्यामुळे तिच्यावर पहिला हात रासायनिक क्रियेने घट्ट होणाऱ्या कंपाउंडचाच हवा.

कंपाउंडमध्ये फरक काय?

बादलीत तयार मिळणारं कंपाउंड पाणी उडून वाळतं. वाळताना ते आकसतं, म्हणून एका हातात काम भागत नाही. दुसऱ्या प्रकारची पावडर पाण्यात कालवली की ठरावीक वेळात घट्ट होते. ती कमी आकसते, पण घासायला कठीण जाते. पावडर दोन्ही प्रकारची मिळते, त्यामुळे पिशवीवरची माहिती वाचूनच घ्या.

योग्य क्रम कोणता?

१. स्क्रूची डोकी बोर्डाच्या पातळीपेक्षा किंचित आत हवीत, पण कागद फाटता कामा नये. मोठ्या फटी आधी भरून वाळू द्या.

२. सांध्यावर कंपाउंडचा थर द्या, ओल्या थरावर कागदी टेप ठेवा आणि पुट्टी ब्लेडने दाबून जादा माल काढा. टेपखाली माल कोरडा राहिला, तर तिथेच फुगा येतो.

३. पूर्ण वाळल्यावर दुसरा हात जास्त रुंद पात्याने, साधारण ८ इंची. तिसरा १० ते १२ इंची पात्याने, कडा पातळ करत.

४. शेवटी बारीक पॉलिश पेपरने हलकं घासा. बोर्डाचा कागद खरवडू नका.

बोर्डाच्या लांब कडा उतरत्या असतात, त्यामुळे टेप त्या खोलगटात लपते. आखूड किंवा कापलेल्या कडांना हा उतार नसतो. तिथे उंचवटा येतोच. तो लपवायला कंपाउंड दोन्ही बाजूंना बरंच लांबपर्यंत पसरवावं लागतं.

घाई कुठे महागात पडते?

वाळण्यात. तयार कंपाउंडच्या प्रत्येक हाताला साधारण एक दिवस लागतो. मुंबई-कोकणातल्या पावसाळी हवेत त्याहून जास्त. ओल्या थरावर दुसरा थर चढवला, तर आकसणं नंतरही चालू राहतं आणि सांधा खाली बसतो.

दुसरी घाई प्रायमरची. कागद आणि कंपाउंड रंग वेगवेगळा शोषतात. प्रायमर न लावता रंग मारला, तर सांध्यांचे पट्टे वेगळे उठून दिसतात.

धुळीचं काय?

घासताना उडणारी धूळ अतिशय बारीक असते आणि काही कंपाउंडमध्ये सिलिकाही असते. काम करणाऱ्याने चांगला मास्क लावावा. लहान मुलं आणि दम्याचे रुग्ण यांना त्या खोलीपासून लांब ठेवा. ओल्या स्पंजने घासलं तर धूळ कमी उडते.

रंगाआधी काय तपासाल?

अंधारात मोबाइलचा टॉर्च छताला किंवा भिंतीला चिकटवून तिरपा धरा. उंचवटे, खड्डे आणि टेपच्या कडा लगेच दिसतील. सांध्यावर बोटाने टकटक करा; पोकळ आवाज आला तर टेप सुटलेली आहे. ठेकेदाराला एक प्रश्न नक्की विचारा: "टेप कुठली लावली आणि किती हात दिले?" शेवटचा हप्ता देण्याआधीच विचारलेला बरा.